हितगुज : मुलाखतीस जाण्यापूर्वी

संपादकाच्या टेबलावर येणारी पत्रे बहुधा दोन प्रकारची असतात. काही पत्रांना उत्तर हवे असते, तर काहींना केवळ कोणी ऐकणारे हवे असते. मध्यंतरी कुंभकोणम्हून आलेले एक पत्र या दोन्ही प्रकारांत मोडणारे होते. म्हणून या खेपेचे हितगुज त्याच पत्राविषयी करावयाचे ठरविले आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनी मूळच्या सोलापूरच्या. गणित घेऊन बी.एस्सी. झाल्या, पुढे बी.एड. केले, २०१४ साली केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, जिला आपण सीटीईटी म्हणतो, ती उत्तीर्ण झाल्या व दोन वर्षे एका शाळेत शिकविलेही. नंतर लग्न झाले, मुले झाली, सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. नोकरी सुटली ती सुटलीच. पाहता पाहता नऊ वर्षे गेली. यजमान बँकेत आहेत व बदलीच्या ओघात हे कुटुंब कावेरीकाठी जाऊन पोहोचले. सासूबाई गेल्या वर्षी निवर्तल्या, धाकटा मुलगा शाळेत जाऊ लागला, आणि घराच्या कर्जाचा हप्ता मात्र दरमहा दारात उभा राहतो. अशात गावातील एका खाजगी शाळेला सहावी ते आठवीसाठी गणिताची शिक्षिका हवी असल्याची जाहिरात त्यांनी पाहिली, अर्ज केला आणि मुलाखतीचे बोलावणे आले. मुलाखतीला आठ दिवस होते.

"इतक्या वर्षांनी खडू हातात धरावयाचा, या कल्पनेनेच बोटे थरथरतात," असे त्यांनी लिहिले होते. त्यांचे प्रश्न तीन होते. नऊ वर्षे घरी बसलात, असे कोणी म्हणाले तर काय सांगावे? तमिळ कामापुरतीच येते, त्याचे काय करावे? आणि पात्रता परीक्षेच्या प्रमाणपत्रावर सात वर्षांची मुदत छापली आहे, ती तर केव्हाच संपली, मग जाण्यात अर्थ तरी काय?

अंक छापून त्यांच्या हाती पडेपर्यंत मुलाखत होऊन गेली असती, म्हणून त्यांना उत्तर लगेच धाडले. परंतु आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांत अशी एखादी भगिनी, कन्या, सून वा बंधू असेल की ज्याच्या कपाटात प्रमाणपत्रांची फाईल धूळ खात पडलेली आहे. तेव्हा त्या उत्तराचाच विस्तार येथे करीत आहे.

प्रथम तिसऱ्या प्रश्नाचा निकाल लावू, कारण तो सर्वांत सोपा आहे. सात वर्षांची ती मुदत आता उरलेली नाही. जून २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शिक्षक पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य धरण्याचा निर्णय जाहीर केला, आणि तो २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केला. म्हणजे २०१४ चे प्रमाणपत्र आजही तितकेच जिवंत आहे. केवळ एका छापील ओळीच्या धास्तीने किती जणींनी अर्जच केला नसेल, या विचाराने मन खिन्न होते. कागदाची भीती वाटली, तर आधी कागदाची चौकशी करावी. आपणच आपल्याला नापास करू नये.

आता थोडे त्या गावाविषयी. कुंभकोणम् म्हटले की आपल्याला बारा वर्षांनी येणारा महामहम् उत्सव आठवतो, मागील २०१६ मध्ये झाला व पुढील २०२८ मध्ये यावयाचा आहे. कोणाला पितळेची भांडी व समया आठवतील, कोणाला तेथील वाफाळलेली कॉफी. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले हे देवळांचे गाव. परंतु मराठी माणसाला ते अगदीच परके नाही. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात जवळच तंजावरास राज्य स्थापिले, आणि १८५५ पर्यंत तेथे मराठी घराणे नांदले. सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय तर सर्वश्रुतच आहे. त्या काळी कावेरीच्या खोऱ्यात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या घरात मराठी व दारात तमिळ बोलत राहिली. तेव्हा मराठी मातृभाषेच्या माणसाने कुंभकोणमात फळ्यापुढे उभे राहणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. हे गाव शिक्षकांचेच आहे म्हणा ना! तेथील सरकारी महाविद्यालयाचा आरंभ १८५४ साली एका शाळेच्या रूपाने झाला, आणि तेथे शिकविणाऱ्या गोपाळराव नामक मराठी अध्यापकाच्या स्मरणार्थ गावात वाचनालय उभे राहिले.

या गावाशी संबंधित तीन थोर पुरुषांची गोष्ट मी त्या भगिनींना कळविली. मुलाखतीस जाणाऱ्याने ती लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पहिले सर टी. माधवराव. १८२८ साली कुंभकोणमात, तंजावरी मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण म्हणून त्यांची कीर्ती देशभर झाली. परंतु त्यांच्या आयुष्याचा आरंभ शिक्षकी पेशातच झाला, हे पुष्कळांस ठाऊक नसते. मद्रासच्या ज्या विद्यालयात ते शिकले, तेथेच काही काळ त्यांनी अध्यापन केले. नंतर हिशेबाच्या कचेरीत नोकरी धरली. आणि १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची निवड झाली, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस-एकवीस वर्षांचे होते. शाळेतून कचेरीत, कचेरीतून पुन्हा शिकविण्याकडे, असा तो प्रवास. मध्ये वेगळे काम केले म्हणून शिक्षकपण पुसले जात नाही, हा त्यातला बोध.

दुसरे श्रीनिवास रामानुजन्. त्यांचे बालपण कुंभकोणमात गेले. तेथील टाऊन हायस्कुलात ते शिकले व गणिताचे पारितोषिक मिळवून १९०४ मध्ये बाहेर पडले. पुढे सरकारी महाविद्यालयात गणितापायी इतर विषयांकडे दुर्लक्ष झाले आणि शिष्यवृत्ती गेली. शिकवण्या करून पोट भरण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण जम बसला नाही. ज्यांच्या बुद्धीपुढे पुढे केंब्रिजचे पंडित नमले, त्यांना सामान्य विद्यार्थ्याच्या पायरीवर उतरून शिकविणे जमले नाही! विषय येणे आणि विषय शिकविता येणे या दोन निराळ्या विद्या आहेत, याचे याहून बोलके उदाहरण कोठे सापडेल? मात्र त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. फेब्रुवारी १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमधील कारकुनीसाठी त्यांनी जो अर्ज केला, तो अगदी थोडक्यात व सरळ होता. मॅट्रिक झालो आहे, पुढचे शिक्षण परिस्थितीमुळे पुरे करता आले नाही, मधल्या काळात गणिताचा अभ्यास चालू ठेवला आहे, एवढेच त्यांनी सांगितले आणि एका प्राध्यापकांचे शिफारसपत्र जोडले. मार्चमध्ये दरमहा ३० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. खंड पडला हे त्यांनी लपविले नाही, आणि त्याबद्दल गळाही काढला नाही.

तिसरे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री. कुंभकोणमजवळच्या वलंगैमान या खेड्यात १८६९ साली ते जन्मले, कुंभकोणमात शिकून १८८७ मध्ये पदवीधर झाले आणि शिक्षक झाले. मद्रासच्या तिरुवल्लिक्केणीतील हिंदू हायस्कुलाचे मुख्याध्यापक म्हणून त्यांचा लौकिक होता. १९०७ मध्ये ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि गोखल्यांच्या पश्चात १९१५ मध्ये त्या संस्थेचे अध्यक्ष झाले. स्वतः गोखलेही मुळात पुण्याचे शिक्षकच. एक न्यू इंग्लिश स्कुलातला व फर्ग्युसन महाविद्यालयातला, दुसरा कावेरीकाठचा. एकाची मातृभाषा मराठी, दुसऱ्याची तमिळ. तरीही एकाने दुसऱ्याला आपला वारस मानावे, इतके ते जवळ आले. भाषेच्या भिंतीला शिक्षकांनी पाडलेल्या दारातून पुष्कळ जण ये-जा करीत असतात.

असो. थोरांच्या कथा धीर देतात, पण मुलाखतीच्या दिवशी हातात फाईल लागते. तेव्हा आठ दिवसांचे नियोजन सांगते.

पहिला दिवस कागदपत्रांना द्यावा. पदवी, बी.एड., पात्रता परीक्षा, पूर्वीच्या शाळेचा अनुभवाचा दाखला, ओळखपत्र, ही सर्व मुळात पाहून क्रमाने लावावीत व प्रत्येकाच्या दोन दोन प्रती काढाव्यात. नावात लग्नापूर्वीचे व नंतरचे असा फरक असेल, तर त्याचा पुरावा सोबत ठेवावा; ऐनवेळी येथेच घोटाळा होतो. मूळ प्रमाणपत्रे दाखवावयाची असतात, देऊन यावयाची नसतात. कोणी ठेवून घेऊ म्हटले, तर नम्रपणे नकार द्यावा. नोकरी कितीही गरजेची असली, तरी आपली पदवी कोणाच्या कपाटात गहाण टाकू नये.

दुसरा व तिसरा दिवस पाठ्यपुस्तकासाठी. ज्या इयत्तांना शिकवावयाचे, त्यांची चालू पुस्तके शेजारच्या मुलांकडून मागून आणावीत. नऊ वर्षांत पुस्तके बदलली आहेत. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यावर केंद्रीय अभ्यासक्रमाची सहावीची नवी पुस्तके २०२४ मध्ये निघाली. धडे चाळून भागत नाही. उदाहरणे स्वतः सोडवावीत, आणि मूल कोठे अडखळेल तेथे पेन्सिलीने खूण करावी. अनुभवी शिक्षिकेला उत्तर ठाऊक असते, पण चांगल्या शिक्षिकेला चूक कोठे होणार हेही ठाऊक असते.

चौथ्या दिवशी कायद्याची तोंडओळख करून घ्यावी. २००९ चा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असावा, मुलांना शारीरिक शिक्षा वा मानसिक छळ करता कामा नये, शिक्षकांनी खाजगी शिकवण्या करू नयेत, या त्यातील तरतुदी ठाऊक असाव्यात. "वर्गात दंगा करणाऱ्या मुलाचे काय कराल?" हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. त्याचे उत्तर छडीने द्यावयाचे नसते, हे कायदा तर सांगतोच, पण आईपणाची नऊ वर्षेही तेच सांगतात.

पाचवा, सहावा व सातवा दिवस प्रात्यक्षिक पाठाचा. हल्ली बहुतेक शाळा उमेदवाराला दहा-पंधरा मिनिटे शिकवून दाखवावयास सांगतात. सारा डाव येथे जिंकला वा हरला जातो, आणि हे मी अनुभवाने सांगते.

बी.ए. झाल्यावर मीही एका शाळेत मुलाखतीस गेले होते. मराठी शिकविण्याची तात्पुरती जागा होती. मी रात्रभर जागून एका कवितेवर भाषण पाठ केले. कवीचा काळ, काव्यगुण, अलंकार, काही सोडले नाही. समोर सातवीची आठ-दहा मुले बसविली होती. मी सुरू केले आणि दोन मिनिटांतच एका मुलीने हात वर करून विचारले, "बाई, 'ओंजळ' म्हणजे काय?" माझ्या पाठांतरात हा प्रश्न नव्हता. मी म्हणाले, "ते पुढे येईल." ते पुढे आलेच नाही. दोन्ही हात जुळवून तिला दाखवावयाचे, एवढेच तर करावयाचे होते! जागा मला मिळाली नाही, आणि ते योग्यच झाले. पुढे अनुवादाच्या कामात पडले, तेव्हा उमजले की मी त्या दिवशी काय चुकले. अनुवादक काय किंवा शिक्षक काय, दोघांचे काम एकच : आपल्याला समजलेले दुसऱ्याच्या भाषेत नेऊन पोहोचविणे. पलीकडच्या काठावर कोणी उभे आहे हेच विसरलो, तर नाव वल्हवून उपयोग काय?

तेव्हा पाठ लहान निवडावा, आणि बोलणे आपले कमी, मुलांचे अधिक असावे. आमच्या भगिनींना मी एक सुचविले. सहावीच्या गणितात सममिती हा भाग आहे. सोलापुरात आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो. कुंभकोणमात पहाटे दारोदारी कोलम् उमटते, तेही ठिपक्यांवरच. तेथे ठिपक्याला पुळ्ळि म्हणतात. आपण बहुधा ठिपके जोडतो, आणि त्यांच्या एका प्रकारात रेघ ठिपक्यांना वळसे घालीत जाते. फळ्यावर अर्धेच कोलम् काढावे व उरलेले अर्धे एखाद्या मुलीला पुरे करावयास सांगावे. मध्ये आरशाची रेघ कोठे येते, हे दुसऱ्याने दाखवावे. आडवी रेघ मारली तर जुळते का, तिरपी मारली तर काय होते, हे तिसऱ्याने सांगावे. शेवटी जे कोलम् जुळत नाही असे एक काढून, का जुळत नाही ते विचारावे. पंधरा मिनिटांत एवढे पुष्कळ झाले. पाठाचे टाचण एका पानात लिहावे : हेतू, साहित्य, तीन प्रश्न, एक चूक, एक स्वाध्याय. मग घरातल्या मुलांना समोर बसवून, हातात घड्याळ घेऊन, तीन दिवस तीनदा तो पाठ घ्यावा. घरची मुले कठोर परीक्षक असतात. त्यांना जांभई आली, तर परीक्षक मंडळालाही येईल असे समजावे.

यातच तमिळचे उत्तरही आले. शाळेचे माध्यम इंग्रजी आहे, गणिताची भाषा फळ्यावर दिसते, आणि मुलांशी जवळीक साधावयास थोडे शब्द पुरतात. "पुरिंजदा?" म्हणजे "समजले का?" हा एक प्रश्न खऱ्या आस्थेने विचारता आला, तरी मुले हसून आपल्या बाजूला येतात. येत नाही ते येते म्हणू नये. "तमिळ शिकते आहे, वर्गातील मुलेच माझे गुरू होतील," असे सांगण्यात कमीपणा नाही. मात्र ते खरे असावे. रोज पाच शब्द शिकून जावेत, म्हणजे बोलण्याला पुरावा राहील.

आणि तो नऊ वर्षांचा प्रश्न! येथे दोन चुका होतात. एक, अपराध्यासारखे खाली पाहणे. दुसरी, सासूबाईंचे आजारपण, यजमानांच्या बदल्या, सारी करुण कहाणी सांगत बसणे. रामानुजन् यांचा अर्ज आठवावा. तीन वाक्ये पुरतात : घरातील जबाबदारीमुळे नोकरी सोडावी लागली, ती जबाबदारी आता उरली नाही, मधल्या काळात आपल्या व शेजारच्या मुलांचा अभ्यास घेतला व नवी पुस्तके पाहिली. मग थांबावे. रुग्णाची शुश्रूषा करणारी स्त्री वेळ, औषध, पैसा आणि माणसांचे स्वभाव एकाच वेळी सांभाळीत असते. हे सांगावे लागत नाही, तिच्या बोलण्यातल्या स्थैर्यातून ते दिसते.

आठव्या दिवशी नवे काही वाचू नये. शाळेचा रस्ता आदल्या दिवशीच पाहून यावा, साडी वा पोषाख असा निवडावा की ज्यात हात उंचावून फळ्यावर लिहिता येईल, आणि लवकर झोपावे. वेतनाची गोष्ट शेवटी निघाली, तर संकोच करू नये. पगार किती, भविष्यनिर्वाह निधी आहे काय, रजा किती, परिविक्षेचा काळ किती, आणि नेमणूकपत्र लेखी मिळेल ना, हे विचारणे म्हणजे लोभ नव्हे. शिक्षकी पेशा पवित्र आहे, परंतु शिक्षकाच्या घरीही चूल असते.

वाचकहो, येथवरचे सारे कोणत्याही गावच्या मुलाखतीला लागू आहे. आता जे सांगावयाचे आहे, ते कुंभकोणम्पासून शिकलेले आहे, आणि ते लिहिताना लेखणी जड होते.

१६ जुलै २००४, शुक्रवार. कुंभकोणमातील एका खाजगी अनुदानित शाळेत माध्यान्ह भोजन शिजत असताना स्वयंपाकाच्या जागेत आग लागली. छत गवताचे होते. ज्वाळा वरच्या मजल्यावरील प्राथमिक वर्गांच्या शाकारलेल्या छपरापर्यंत पोहोचल्या. एकाच इमारतीत दाटीने वर्ग भरविले होते, आणि खाली उतरण्याचा जिना अरुंद होता. ९४ बालके त्या दुर्घटनेत गेली. चौकशी आयोग बसला, खटला चालला, २०१४ मध्ये निकाल लागला. या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निर्णय दिला की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. शाळांनी राष्ट्रीय इमारत संहितेतील सुरक्षेचे निकष पाळावेत, अग्निशामक साधने बसवावीत आणि शिक्षकांना ती वापरण्याचे शिक्षण द्यावे, असे आदेश त्यात आहेत. आजही १६ जुलै उजाडला की त्या गावात आईबाप आपल्या लेकरांच्या स्मृतीसाठी दिवे लावतात. ती मुले असती, तर आज त्यांतली काही स्वतः कोठे मुलाखतीला निघाली असती.

म्हणून मी त्या भगिनींना लिहिले : मुलाखत केवळ शाळा घेत नसते, आपणही शाळेची घेत असतो. फाटकातून आत गेल्यावर डोळे उघडे ठेवा. जिने किती आहेत, ते पुरेसे रुंद आहेत का? वर्गाला दुसरे दार आहे का, आणि त्याला कुलूप तर नाही? स्वयंपाकघर वर्गांपासून वेगळे आहे का? लाल रंगाचे अग्निशामक नळकांडे भिंतीवर असेल, तर त्यावरील तारीख पाहा. आणि "आपल्याला काही विचारावयाचे आहे काय?" असे मंडळाने म्हटले, तर बहुतेक उमेदवार "नाही" म्हणतात, तसे म्हणू नका. अदबीने विचारा : "आगीची घंटा झाली, तर माझ्या वर्गातील मुलांना मी कोणत्या जिन्याने न्यावयाचे?" हा प्रश्न विचारणारी उमेदवार आताच त्या वर्गाची शिक्षिका झालेली असते.

यावर कोणी म्हणेल, नोकरी मागावयास गेलेल्या बाईने असे प्रश्न केले तर शाळा तिला घेईल काय? ही शंका मलाही आली, ती लपवीत नाही. घरी हप्ता थकलेला असताना धीटपणा सांगणे सोपे, करणे कठीण. परंतु जी शाळा या प्रश्नाने रागावेल, तेथे आपण आपले मूल घालू का, एवढे मनाशी विचारावे. उत्तर आपोआप मिळते.

मुलाखतीनंतर दोन आठवड्यांनी त्यांचे दुसरे पत्र आले. पाठ चांगला झाला. एका मुलाने कोलम् उलटे काढले, वर्ग हसला, आणि त्यांनी त्याच चुकीवरून पुढचा प्रश्न विचारला. नऊ वर्षांविषयी विचारणा झाली, तीन वाक्यांत उत्तर दिले, पुढे कोणी खोदले नाही. शेवटी जिन्याचा प्रश्न त्यांनी विचारला. क्षणभर कोणी बोलले नाही. मग वयस्क मुख्याध्यापिका खुर्चीवरून उठल्या, त्यांना बरोबर घेऊन बाहेर आल्या, आणि दोन्ही जिने व मैदानातली जमण्याची जागा स्वतः दाखविली. परत येताना त्या एवढेच म्हणाल्या की, या गावात हा प्रश्न प्रत्येकाने विचारला पाहिजे, पण विचारीत कोणी नाही.

जागा मात्र त्यांना मिळाली नाही. दहा वर्षे सलग शिकविलेल्या दुसऱ्या एका उमेदवाराची निवड झाली. "वाईट वाटले," त्या लिहितात, "एक संध्याकाळ स्वयंपाकही केला नाही. पण फाईल पुन्हा कपाटात ठेवलेली नाही. ती टेबलावरच आहे. दुसऱ्या दोन शाळांत अर्ज दिले आहेत, आणि शेजारच्या चार मुली संध्याकाळी गणिताला येऊ लागल्या आहेत. त्या मला तमिळ शिकवितात."

वाचकहो, बोटे थरथरतात असे लिहिणाऱ्या हाताचे हे दुसरे पत्र. अक्षर तेच, पण ओळी सरळ आल्या आहेत. आपल्याही घरात एखादी फाईल कपाटात असेल, तर या आठवड्यात ती बाहेर काढावी, धूळ झटकावी, आणि त्यातील कोणता कागद आपल्याला उगाच भिववीत होता ते पाहावे. जिची फाईल असेल, तिला पाठ घेऊन पाहावयास घरातल्यांनी पंधरा मिनिटे समोर बसावे. जांभई मात्र आवरावी!

पुढील अंकी पुन्हा भेटूच.